घारीची नेमणूक

१३ जुलै, रविवार

आज सोसायटीची मीटिंग. विषय एकच, कबुतरं. सगळ्या गॅलऱ्यांना आणि डक्टला जाळी मारायची असा चेअरमन अण्णासोंचा प्रस्ताव. मंजूर होणारच होता. मी उभा राहिलो.

चाळीस मिनिटं बोललो. 'आज कबुतराला जाळी, उद्या विचाराला जाळी' या वाक्याला टाळी. 'निसर्गाचा प्रश्न निसर्गच सोडवेल' याला दुसरी टाळी, जरा उशिरा. कसा सोडवेल, असं मागून कुणीतरी विचारलं. भाषणाच्या ओघात सांगून टाकलं की शिकारी पक्षी. शिकवलेला, कामाला लावलेला पक्षी. संस्थानी काळात राजेलोक बाळगायचे, आपण का नको? दसऱ्यापर्यंत मुदत मागितली. मिळाली. ठराव बारगळला.

जिन्यात अण्णासो म्हणाले, "सर, भाषण म्हंजे विषयच न्हाय. पण कबुतरास्नी मराठी कळतंय व्हय?" हसून सोडून दिलं. हुपरीच्या पैंजणांचा व्यापारी माणूस. विचारांशी संबंध कमी.

घरी आलो तर संयोगिता पंप ओढत बसलेली. गेली दोन वर्षं तिला दम्याचा त्रास आहे. बायको म्हणून तरी तिनं भाषण कसं झालं हे विचारायला हवं होतं. त्याऐवजी म्हणाली, "निदान आपल्या गॅलरीला तरी जाळी लावा हो." विरोधाचं नेतृत्व करणाऱ्याच्याच घराला जाळी? लोक काय म्हणतील? हे तिला सविस्तर सांगायला लागलो, तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली. चर्चा अर्धवट राहिली.

१४ जुलै

वन खात्यात माझा एक जुना विद्यार्थी आहे, ऋतुराज. त्याला फोन केला. ससाणा किंवा शिक्रा कुठं मिळेल? तो म्हणाला, "सर, शिकारी पक्षी पाळणं गुन्हा आहे. तुम्ही पाळलात तर तुम्हाला न्यायला मलाच यावं लागेल, आणि मला फार लाज वाटेल."

मुलगा चांगला आहे. वर्गात मात्र मागे बसायचा.

दिवसभर अंगात त्राण नाही. तीस वर्षं व्याख्यानं दिली. एवढं बोलून माणूस थकतोच.

१५ जुलै, सकाळी

सुचलं! पाळायचाच नाही. बांधलेल्या पक्ष्याकडून काम करून घेणं माझ्या तत्त्वातच बसत नाही. ती वेठबिगारी. माझा पक्षी आभाळातच राहील, आणि स्वतःच्या इच्छेनं कामावर येईल. रानपण सुटणार नाही, शिस्तही येईल. राजेमहाराजांना हे जमलं नाही, कारण त्यांच्याकडे दोऱ्या होत्या, विचार नव्हता.

पुढच्या व्याख्यानाचा विषय ठरला: 'रानपण आणि राबणं'.

१७ जुलै, गुरुवार

उमेदवार मिळाला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर रोज एक घार बसते. डाव्या पंखातलं एक पीस नाही. नजर करारी. पावसामुळे बाकीच्या घारी पूर्वेकडे कोरड्या मुलखात गेल्या, ही एकटी राहिली. म्हणजे नेमणुकीच्या आधीपासून निष्ठा आहे.

नाव ठेवलं विद्युल्लता. आजपासून रुजू. सहा आठवडे प्रोबेशन.

संयोगितानं विचारलं, "घारी कबुतरं खातात का हो?" म्हणालो, प्रश्न खाण्याचा नाही, दहशतीचा आहे.

२० जुलै, रविवार

आखाडातला शेवटचा रविवार. पृथ्वीराजच्या मटणाच्या दुकानापुढे ही रांग. आमचं अर्धा किलो घेतलं आणि वजडीचे तुकडे वेगळे मागितले. पृथ्वीराज म्हणाला, "सर, कुत्रं पाळलं काय?" नाही, एक सहकारी आहे म्हणालो. त्यानं तुकडे दोन पिशव्यांत घालून दिले. सहकाऱ्याला एका पिशवीतून कसं द्यायचं, असं म्हणाला.

गच्चीवर प्रशिक्षणाला सुरुवात. शीळ घालायचा विचार होता, पण पुढचे दोन दात बसवलेले असल्यानं हवा निसटते. मग व्यासपीठावरच्या आवाजात हाक मारली, "ये!" आली नाही. पुन्हा मारली. समोरच्या इमारतीतले लोक गच्चीवर आले. कुणी भाषण आहे का असं विचारत होतं. पाऊण तासानं ताटली कठड्यावर ठेवून वळलो, तर डोक्यावरून सूं करून गेली. तुकडा घेऊन गेली. ताटली खाली अण्णासोंच्या गाडीवर पडली.

पहिला धडा यशस्वी.

२४ जुलै

रोज येते. सुरुवातीला हाक मारल्यावर ती येईपर्यंत बराच वेळ जायचा, घसा दुखायचा. आता ती टाकीवर बसलेली दिसली की मगच हाक मारतो. तेव्हापासून आज्ञापालन शंभर टक्के.

कबुतरंही पहिल्या दिवशी भरारून उडाली होती. आज उडाली नाहीत. भीतीनं खिळून बसली असावीत.

२५ जुलै, शुक्रवार

श्रावण लागला. माझा श्रावण वगैरेवर विश्वास नाही, पण संयोगिता पाळते, म्हणून घरात मटण बंद. विद्युल्लता श्रावण पाळत नाही. पनीर ठेवून पाहिलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाऊन टाकलं.

तेव्हा दुकानात जाणं आलं. श्रावणात मटणाच्या दुकानाबाहेर एकटा माणूस उभा असला की सगळ्या मंगळवार पेठेला दिसतो. दोन जुने सहकारी शिक्षक भेटले. घारीसाठी आहे म्हणालो. ते म्हणाले, "असू दे, असू दे. आम्ही काय घरी सांगणार न्हाय."

या समाजात खरं बोलणं अवघड आहे.

३ ऑगस्ट, रविवार

आजपासून हातावरून खायला शिकवायचं. माणूस आणि पक्षी यांच्यात अंतर उरता कामा नये. हात पुढे केला. अंतर उरलं नाही. तर्जनीला तीन टाके.

रागानं नव्हे, उत्साहात झालं. डॉक्टरला खिळा लागला म्हणून सांगितलं. इतके खिळे एकदम कसे लागले, असं त्यानं विचारलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं.

घरी संयोगिता बोटाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अहो, ती जंगली आहे. तिला तुमचं काही कळत नाही." हाच तर समाजाचा गैरसमज! तिला समजावून सांगितलं की जंगली असणं आणि न कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ती म्हणाली, "मग कळूनच चावली म्हणायची."

कधीकधी बायकांच्या बोलण्यात उगाचच तर्कासारखं काहीतरी असतं.

११ ऑगस्ट, सोमवार

संयोगिताला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. जिना उतरतानाच दोनदा थांबली. डॉक्टर म्हणाले, औषध वाढवून फार उपयोग नाही. कबुतरांच्या विष्ठेची, पिसांची धूळ घरात येतेय, ती बंद करा. असंच चाललं तर फुप्फुस कायमचं खराब होईल. जाळी लावून घ्या.

त्यांना माझा प्रयोग समजावून सांगितला. संस्थानी काळापासून. शेवटी डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं. तज्ज्ञ लोकांचं हेच होतं, स्वतःच्या विषयाबाहेर ऐकायची तयारी नसते.

रिक्षात संयोगिता काहीच बोलली नाही. दम लागला असेल.

संकल्प: उद्यापासून विद्युल्लताची ड्यूटी दोन वेळा. सकाळ-संध्याकाळ.

१३ ऑगस्ट

गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत कबुतरानं अंडं घातलं. भीतीपोटी घातलेलं असणार.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला भाषण. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे आमच्या गच्चीवर येऊन बघा, असं म्हणालो. दहा-बारा जण खरंच आले. विद्युल्लता टाकीवर बसून वजडी खात होती. तिच्याखाली, एक हातही अंतर नसेल, दोन कबुतरं सांडलेले तांदूळ टिपत होती. ते तांदूळ कुठून आले कळत नाही.

कुणीतरी हसलं. मी म्हणालो, याला सहजीवन म्हणतात. अण्णासो म्हणाले, "व्हय सर. पंगतच बसलीया की."

१८ ऑगस्ट, सोमवार

संयोगिता गडहिंग्लजला गेली, मनालीकडे. लेकीची ओढ. चार दिवस राहून येईल. मी एसटीवर सोडायला गेलो. दोन्ही पंप, नेब्युलायझर, थंडीची शाल आणि लोणच्याची मोठी बरणी घेऊन गेली. चार दिवसांना मोठी बरणी कशाला, हे विचारायचं राहून गेलं.

गाडी सुटताना खिडकीतून काहीतरी म्हणाली. इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. बहुतेक जेवणाचं सांगत असेल.

२३ ऑगस्ट, शनिवार

चार दिवस झाले, वर एक. मनालीचा फोन. "पप्पा, आई इथं झोपते हो रात्रभर. उठून बसावं लागत नाही." म्हटलं, हवापालट. चांगलं आहे. ती म्हणाली, "हवापालट न्हाय पप्पा, कबुतरं न्हाईत." तिच्या बोलण्यात अलीकडे सासरची धार आली आहे.

सकाळी चहा करताना कान स्वयंपाकघराकडे होते. मग लक्षात आलं, मीच स्वयंपाकघरात आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरीला येईल असं वाटलं होतं. गौर तिकडेच बसवली. फोटो पाठवला. संयोगिता साडी नेसून उभी आहे, मागे मोकळी गच्ची, हातात ताट. वजन वाढल्यासारखं वाटतं. फोटोत तसं दिसतं कधीकधी.

विद्युल्लताचं प्रोबेशन संपलं. कायम केलं. समारंभाला मी एकटाच होतो. तिनं तुकडा घेतला आणि वळूनही न बघता गेली. कायम झाल्यावर नोकरदार असंच वागतात.

४ सप्टेंबर

गॅलरीत आता चार अंडी. सांगायला कुणी नाही.

१० सप्टेंबर, बुधवार. गडहिंग्लज

आज नेसरीला व्याख्यान. पितृपक्षात कार्यक्रम घ्यायला बरेच लोक कचरतात, म्हणून माझी तारीख लगेच मिळाली. 'रानपण आणि राबणं'. शेतकरी श्रोते, मन लावून ऐकणारे. विद्युल्लताचं उदाहरण दिलं. तिला दोरी नाही, पिंजरा नाही, तरी ती कामावर येते. माणसानंही असंच असावं, असं म्हणताना माझाच आवाज भरून आला.

शेवटी एका म्हाताऱ्यानं हात वर केला. "सर, सगळं ब्येस बोलला. पर कबुतरं गेली काय?" त्याला पाऊण तास उत्तर दिलं. तो समाधानानं उठून गेला. बाकीचेही गेले.

येता येता गडहिंग्लजला लेकीच्या घरी मुक्काम. गेलो तेव्हा संयोगिता ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिना चढत होती. मला बघून वरूनच म्हणाली, "आलात? हात धुवा, चहा टाकते." बादली घेऊन, जिन्यावरून, एका दमात. मी खाली तसाच उभा राहिलो.

चहा पिताना तिला विचारलं, कधी येतेस? ती म्हणाली, "जाळी लावा, येते." एवढंच. रडली नाही, चिडली नाही. भाजी निवडत होती. मी तिला सांगितलं, हवा सगळीकडे तीच असते, बदलते ती माणसाची मनःस्थिती. हे नीट उलगडून सांगितलं. सांगून झाल्यावर पाहिलं तर ती कधीच आत गेलेली. जावयांचा भाऊ समोर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "पावणं, एक नंबर."

११ सप्टेंबर

दोन दिवस नव्हतो, विद्युल्लता उपाशी असणार या काळजीनं बॅग न ठेवताच गच्चीवर गेलो. वरच्या मजल्यावरच्या सरुबाई तिथं. हातात मासळीची डोकी. पुढ्यात विद्युल्लता. सरुबाई तिला म्हणत होत्या, "खा गं चिमणाबाई, खा. वाळलीस किती."

विचारलं, हे कधीपासून? त्या म्हणाल्या, "दोन वर्सं झाली की. माझ्या घरातलीच हाय ती. सकाळी पृथ्वीराजच्या दुकानावर जाती, तिथं तिला मॅडम म्हणत्यात. मग तुमच्याकडं. मग माझ्याकडं. तुमच्याकडं तर आत्ता आत्ता याया लागलीया." मग त्यांनी पदराखालून मूठ काढली आणि कबुतरांना तांदूळ टाकले. "त्येनीबी जीवच हाय न्हवं."

स्पष्ट आहे. दोन घारी असणार. सरुबाईंचा गोंधळ होतोय.

त्यांच्या घारीच्याही डाव्या पंखात एक पीस नाही. असं असू शकतं. याबद्दल वाचायला हवं.

१४ सप्टेंबर, रविवार

हे कुठंच बोलता येणार नाही, म्हणून इथं लिहितो.

आज अण्णासोंच्या वडिलांचं श्राद्ध. दुपारी गच्चीवर पान वाढलं. भात, खीर, वडे, आमसुलाची चटणी. सगळी भावकी हुपरीहून आलेली. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. मलाही बोलावलेलं. माझा यावर विश्वास नाही, पण वड्यांवर आहे.

कावळे आले नाहीत. समोरच्या इमारतीवर ओळीनं बसून ओरडत होते. कारण टाकीवर विद्युल्लता बसली होती. आज रविवार, ताज्या वजडीचा दिवस. ती माझी वाट बघत होती.

तासभर गेला. पोरं रडायला लागली. अण्णासोंना घाम फुटला. हात जोडून पानापुढे उभे राहिले आणि मोठ्यानं विचारायला लागले, "आबा, काय ऱ्हायलंय मनात? हुपरीचं घर इकत न्हाय, शपथ. धाकट्याशी बोलतो आजपासनं. बोलतो म्हटलं की!" धाकटा भाऊ शेजारीच उभा होता, त्यानं मान खाली घातली. कावळा नाही. त्यांच्या बायको म्हणाल्या, "त्यास्नी खोकल्याचा लई तरास हुता शेवटी. ह्या घाणीनंच." मग सगळ्यांची नजर हळूहळू टाकीकडे गेली, घारीकडे, आणि तिथून माझ्याकडे. एक पावणा म्हणाला, "ही घार कुणाची?"

मी काही बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत काही बोललो नाही. हळूच गच्चीच्या मागच्या बाजूला सरकलो. खिशात सकाळी आणलेला वजडीचा तुकडा होता. तो हातात धरून कठड्याबाहेर हात काढला आणि मनातल्या मनात म्हणालो, ये बाई. एवढं ऐक.

ती आली! हाक न मारता आली. बोटाला धक्का न लावता तुकडा घेतला आणि खाली डक्टच्या दिशेनं गेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या जागी, सांगितलेलं काम. आनंदानं वळलो.

त्याच क्षणी पलीकडे अण्णासो आभाळाकडे बघून ओरडत होते, "जाळी मारतो, आबा! समद्या बिल्डिंगला मारतो!" आणि समोरचे चारही कावळे पानावर उतरले.

बायकांनी डोळे पुसले. अण्णासो माझा हात धरून म्हणाले, "बघा सर. तुमच्यापेक्षा आमचा आबा जास्त बोलला की एका शब्दात."

कावळे का आले हे फक्त मला ठाऊक आहे. सांगितलं तर आधी का आले नाहीत हेही सांगावं लागेल.

वडे चांगले होते. खाल्ले गेले नाहीत.

१५ सप्टेंबर

अण्णासोंनी संध्याकाळी सगळ्यांना खाली बोलावलं. जाळीचा ठराव. दसऱ्यापर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण आबांपुढे कुणाचं चालत नाही. अण्णासोंनी विचारलं, "सर, कायतरी बोलायचं आसंल न्हवं?" सगळे माझ्याकडे बघत होते, काही जण घड्याळाकडे. अंधश्रद्धा, जाळी, स्वातंत्र्य, तिन्ही मुद्दे जिभेवर तयार होते. मग वाटलं, ठराव पडला तर?

घसा बसल्याची खूण केली.

तत्त्व म्हणून माझा विरोध कायम आहे. निर्णय माझा नाही, अण्णासोंच्या कैलासवासी वडिलांचा आहे. त्याला मी काय करणार?

१६ सप्टेंबर

विचार करतोय. मी बोलवायचो म्हणून ती यायची, की ती यायची तेव्हा मी बोलवायचो? ती कामावर आली असं मी म्हणायचो तेव्हा ती फक्त जेवायला आली असेल, तर दोन महिने कामावर कोण होतं?

हे वाक्य खोडायचं आहे. पेन सापडलं की.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जाळीवाले आले. दोन माणसं, दोरीवर लोंबकळत. दुपारपर्यंत डक्ट झाला, संध्याकाळपर्यंत गॅलऱ्या. एवढंच काम होतं. यासाठी मी जुलैपासून बोलतोय.

कबुतरं दिवसभर जाळीवर आपटून बघत होती. मग समोरच्या इमारतीवर गेली. अंडी जाळीवाल्यानं खोक्यात घालून नेली. आमची गॅलरी दोन बादल्या पाणी आणि जुना झाडू घेऊन मी धुतली. घासताना धूळ उडाली. खोकला लागला. बराच वेळ थांबेना. जिन्यात बसून राहिलो. हा तिला रोज लागायचा.

गच्चीवर गेलो नाही आज. सरुबाई आहेत.

२१ सप्टेंबर, रविवार

समोरच्या इमारतीच्या चेअरमनचा फोन. त्यांच्याकडे कबुतरांचा फार त्रास सुरू झालाय, सभासद जाळी लावा म्हणतायत, पण खर्च नको आहे. माझं जुलैतलं भाषण त्यांनी गच्चीवरून ऐकलं होतं. तसंच एक देता का? विषय आवडीचा. दोन-तीन नवे मुद्देही सुचले.

त्यांच्याकडे कुणाला दमा आहे का, विचारलं. त्यांनी माहीत नाही म्हणून सांगितलं. मी म्हणालो, आधी ते बघा.

फोन ठेवल्यावर बराच वेळ वाटत राहिलं की मला बरं नाहीये.

२४ सप्टेंबर

संयोगिताला फोन. चार वाक्यांचं छान निवेदन तयार केलं होतं. तिनं पहिल्यावरच अडवलं. "जाळी लावलीत?" लावली. "कुणी?" म्हणालो, आपण सगळ्यांनी मिळून. ती म्हणाली, "मला सरुबाईंनी सांगितलंय सगळं. कावळ्याचं पण."

सगळं म्हणजे किती, हे विचारायचं धाडस झालं नाही. पलीकडे ती हसत होती. हसता हसता तिला खोकला आला नाही.

रविवारच्या गाडीनं येते म्हणाली.

२८ सप्टेंबर, रविवार

आली. स्टँडवरून रिक्षानं आलो. बरणी रिकामी परत आली. जिना एका दमात चढली, मीच मधे थांबलो. आल्या आल्या गॅलरीत जाऊन फरशीवरून बोट फिरवून बघितलं. बोट बघितलं. आत जाऊन चहा केला आणि दोन कप घेऊन गॅलरीत येऊन बसली. या गॅलरीत ती गेली दोन वर्षं बसली नव्हती, हे मला आज कळलं.

जाळीपलीकडे घार फिरत होती. आमच्याकडे बघितलंही नाही तिनं. मी संयोगिताला सांगायला सुरुवात केली की जाळीबद्दलचा माझा मूळ विचार काय होता, लोकांनी तो कसा चुकीचा घेतला, आणि शिकवलेला पक्षी खरोखर कधी रान सोडतो का या प्रश्नाला तीन बाजू आहेत. पहिली बाजू.

ती म्हणाली, "अहो, जरा गप्प बसा ना. किती दिवसांनी अशी बसलीये मी."

बसलो.

फार अवघड आहे.